पिंप : एका शब्दाची आणि शेरीच्या लाकडाची कुळकथा

अर्धापूर परिसरात उन्हाळ्यात पाणी साठवण्यासाठी दारात जे निळे पिंप उभे असते, त्याचे नाव मुळात मद्याच्या भांड्याचे आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पिपा’ म्हणजे फळ्या वाकवून व त्यांवर लोखंडी कड्या ठोकून केलेले मद्याचे लाकडी भांडे. घमेले, परात आणि चावी यांच्यासारखाच हा शब्द पोर्तुगीज अमलातील किनाऱ्यावरून मराठीत आला, त्याला अनुस्वार जडला, आणि घाटावर रुळेपर्यंत त्यातले मद्य जाऊन रॉकेल, गोडेतेल व पाणी आले.

शेरी, म्हणजे स्पेनमधील हेरेस येथे मद्यार्क घालून तीव्र केलेली वाइन, एकोणिसाव्या शतकात पिंपांतूनच ब्रिटनला जाई. तेथे रिकामी झालेली पिंपे स्कॉटलंडच्या भट्ट्या घेत आणि त्यांत सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत केवळ अंकुरित जवापासून गाळलेली व्हिस्की, मुरत ठेवीत. काटकसरीची ही रीत गुणाची ठरली, कारण लाकडात जिरलेली शेरी व्हिस्कीला मनुका-अंजिरांचा वास आणि तांबूस रंग देते. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागल्यावर अशी पिंपे मिळेनाशी झाली. तेव्हापासून मुख्यतः लाकूड मुरावे म्हणून नव्या पिंपात वर्ष-दोन वर्षे शेरी ठेवतात, आणि सुमारे ५०० लिटरचे असे पिंप महाग पडते.

म्हणून जाणकार वयाच्या आकड्यावर न थांबता पिंपाचे पूर्वायुष्य विचारतो : त्यात कोरडी ओलोरोसो शेरी होती की काकवीसारखी दाट पेद्रो हिमेनेस, व्हिस्कीने ते प्रथमच भरले की तिसऱ्यांदा, आणि व्हिस्की त्यात सारी वर्षे होती की अखेरचे काही महिनेच. गडद रंग हा शेरीच्या पिंपाचा पुरावा नव्हे, कारण स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग मिसळण्यास कायद्याची मुभा आहे; पिंप निर्जंतुक ठेवण्यासाठी आत जाळलेल्या गंधकाचा, नुकत्याच विझलेल्या काडीसारखा वास मात्र अनेक जाणकार दोष मानतात. वयाचा हिशेबही हवेप्रमाणे बदलतो. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडून जाते. गोव्यात कुंकळ्ळीच्या पॉल जॉन भट्टीत, जेथे शेरीची पिंपेही वापरली जातात, उष्ण हवेमुळे ते कितीतरी अधिक उडते आणि व्हिस्की लवकर पिकते.

जुने पिंप विकत घेणारे अर्धापूरचे गिऱ्हाईकही झाकण काढून आधी वास घेते आणि त्यात पूर्वी काय होते ते विचारते. पाणी साठवणाऱ्याला तो जुना वास नको असतो, व्हिस्की मुरवणाऱ्याला तोच हवा असतो. भाव ठरवणारा प्रश्न मात्र दोघांचा एकच.