शाळेच्या रजिस्टरमधली एक नोंद

सातारच्या मातीला फाशी नवी नाही. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी इथल्या गेंडामाळावर १७ जणांना देहान्त दिला. कुणाला फासावर चढवले, कुणाला तोफेच्या तोंडी दिले, कुणाला गोळ्या घातल्या. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी शेजारच्या सोलापूरचे चौघे येरवड्यात फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. आरोप होता पोलिसांच्या खुनाचा. आज आपण त्यांना हुतात्मे म्हणतो, पुतळ्यांना हार घालतो. पण कोर्टाच्या कागदावर ते त्या दिवशी खुनीच होते. कागद नंतर बदलता येतो, गेलेला माणूस परत आणता येत नाही. फाशीविषयीचा सगळा वाद शेवटी इथेच येऊन थांबतो.

याच सातारच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर नावाचा मुलगा दाखल झाला. ती शाळा म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आम्ही शिक्षक त्या दिवशी मुलांना शाळेच्या रजिस्टरमधली ती नोंद सांगतो. याच मुलाने पुढे फाशीविषयी काय म्हटले, ते मात्र फारसे सांगत नाही. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फौजदारी खटल्यांची अपिले सर्वोच्च न्यायालयात जावीत का, यावर चर्चा चालू होती. बाबासाहेबांनी त्या वेळी सांगितले की, त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला योग्य वाटेल, कारण हा देश अहिंसेला नैतिक मूल्य मानत आला आहे. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला, ज्याला १९६० पासून आपण सांगली म्हणतो.

फाशी रद्द झाली नाही. १९८० साली बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, पण केवळ दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात द्यावी असे बंधन घातले. पाच न्यायमूर्तींपैकी पी. एन. भगवती यांनी वेगळे मत दिले. फाशी कुणाला होईल हे कोणत्या न्यायाधीशांपुढे खटला येतो यावर ठरते, आणि तिची झळ मुख्यतः गरिबाला बसते, असे त्यांचे म्हणणे होते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये विधी आयोगाने आपल्या २६२ व्या अहवालात दहशतवादाचे गुन्हे वगळून फाशी रद्द करण्याची शिफारस केली. ती अजून कागदावरच आहे.

मग फाशीच्या कोठडीत असतात तरी कोण? याचे उत्तर शोधायला कायद्याचे विद्यार्थी बाहेर पडले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१३ मध्ये हे काम सुरू केले. विद्यार्थी वेगवेगळ्या राज्यांतल्या तुरुंगांत गेले, कैद्यांच्या घरी गेले, त्यांच्या आयांशी बोलले. तेव्हा फाशीची शिक्षा झालेले ३८५ कैदी होते, त्यांतल्या ३७३ जणांच्या मुलाखती झाल्या. मे २०१६ मध्ये अहवाल आला. सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. सुमारे ७६ टक्के मागास जातीजमातींतले किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. २३ टक्क्यांनी शाळेची पायरीही चढलेली नव्हती. खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकल्या त्या पाच टक्क्यांहूनही कमी. या कामाला पुढे प्रोजेक्ट ३९ए हे नाव मिळाले. संविधानाचे ३९अ हे कलम १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले, आणि ते गरिबाला मोफत कायदेशीर मदत देण्याची जबाबदारी राज्यावर टाकते.

आता दोन खटले पाहू, दोन्ही आपल्या राज्यातले.

पहिला पुण्याचा. ऑगस्ट १९९४ मध्ये राठी कुटुंबातल्या पाच बायका आणि दोन मुलांचा खून झाला. नारायण चौधरी या नावाने पकडलेल्या राजस्थानच्या मुलाला फाशी झाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे प्रोजेक्ट ३९एच्या मदतीने त्याच्या वयाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. बिकानेर जिल्ह्यातल्या जालबसर गावच्या शाळेच्या नोंदीत त्याचे नाव होते निरानाराम, आणि जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी वय साडेबारा वर्षे. पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. तोपर्यंत २८ वर्षे गेली होती.

शिक्षक म्हणून हा निकाल मला फार जवळचा वाटतो. आपल्याकडे एका पिढीचा वाढदिवस १ जून असतो, कारण दाखला करताना गुरुजींनी तीच तारीख लावली. जनरल रजिस्टरमधल्या नोंदीकडे आपण कारकुनी काम म्हणून पाहतो. त्याच नोंदीने एका माणसाच्या गळ्यातला फास काढला. पण नोंद स्वतः चालत कोर्टात येत नाही. कुणीतरी त्या गावी जावे लागते.

दुसरा खटला अंकुश मारुती शिंदे आणि इतरांचा. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर हल्ला झाला, पाच जण मारले गेले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांच्या अल्बममधून दुसऱ्याच चौघांचे फोटो ओळखले होते. त्यांचा माग काढला गेला नाही. फाशीविरुद्ध बोलले की लोक विचारतात, मग मेलेल्यांच्या घरच्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. पण या खटल्यात त्या बाईला काय मिळाले? सोळा वर्षांनी रिकामा पिंजरा, आणि तिने ओळखलेले लोक मोकळेच.

आपल्या वाचकांशी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतल्या पाच जणांना २०१५ मध्ये फाशी सुनावली होती, आणि एकजण निकालाआधीच नागपूरच्या तुरुंगात वारला होता. सरकार त्याविरुद्ध अपिलात गेले आहे. त्या दिवशी आपल्या मोहल्ल्यांत खूप चर्चा झाली. शिंदे खटल्याच्या निकालाला किती झाली? इन्साफ फक्त आपल्या नावाच्या माणसासाठी मागितला तर ती भाऊबंदकी होते. शंका उरली तर हद्द लागू करू नये, हे फिकहचे तत्त्व आहे, आणि खुनाच्या प्रकरणात वारसांना माफीची वाट कुरआनने मोकळी ठेवली आहे. ती शिकवण आरोपीची जात-जमात विचारून लागू होत नाही.

साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे. रयत शिक्षण संस्थेने कर्मवीर भाऊराव पाटलांच्या या सहकाऱ्याचे नाव त्याला दिले. सांगलीतही कायद्याचे शिक्षण मिळते. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. आपली बरीच मुले ती एखाद्या ओळखीच्या वकिलाकडे सहीपुरती उरकतात.

याच आठवड्यांत दुसरे काम होऊ शकते. २०२२ च्या मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फाशी देण्याआधी आरोपीचे बालपण, घर, शिक्षण, मानसिक आरोग्य आणि तुरुंगातली वागणूक यांची माहिती कोर्टापुढे आली पाहिजे. ही माहिती गोळा करायला माणसे लागतात. शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद, शेजाऱ्यांचे म्हणणे, घाबरलेल्या आईशी तिच्या भाषेत बोलणे. विद्यार्थी युक्तिवाद करत नाही. तो वकिलाच्या हाताखाली काम करतो, ऐकलेले बाहेर बोलत नाही, आणि घरच्यांना सुटकेचे वचन देत नाही. मराठी, उर्दू, दख्खनी आणि हिंदी येणारी आमची मुले या कामाला मुळात तयारच आहेत.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. सातारा, सांगली आणि सोलापूर त्याच्या कक्षेत आहेत. सत्र न्यायालयाने दिलेली प्रत्येक फाशी उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. म्हणजे इथल्या सत्र न्यायालयाने उद्या कुणाला फाशी दिली, तर त्याच्या जगण्या-मरण्याचा निर्णय आता एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर होईल.

पालकांची भीती मला ठाऊक आहे. मुलगा अशा केसमध्ये पडला तर पोलीस घरी येतील, मुलीला कोण स्थळ देईल. पण कायद्याने नेमून दिलेल्या वकिलाला मदत करणे हा गुन्हा नाही, ते संविधानाचे काम आहे. मुलांना कायदा शिकवायला पाठवलेच आहे, तर यंदाच्या इंटर्नशिपसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात एक अर्ज द्यायला सांगा.