राजाचा पक्षी, रयतेचे रान

इ. स. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाच्या दरबारात गोव्याहून एक पक्षी आला. गोव्याच्या बंदरात जे जे दुर्मीळ दिसेल ते घेऊन यावे, असा हुकूम देऊन बादशहाने मुकर्रबखानाला तिकडे धाडले होते. त्याने आणलेल्या चीजवस्तूंत हा पक्षी होता. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. मोरासारखाच पिसारा फुलवून नाचणारा. पण बादशहा थक्क झाला तो त्याच्या डोक्याने आणि मानेने. घटकेत पोवळ्यासारखी लाल, घटकेत कापसासारखी पांढरी, तर घटकेत निळसर! जहांगीराने आत्मचरित्रात त्याचे वर्णन करून ठेवले आणि उस्ताद मन्सूरकडून चित्रही काढून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

तो पक्षी म्हणजे टर्की. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात जाणाऱ्या आम्हा बेळगावकरांना नाताळच्या जेवणावळीतला पक्षी म्हणून तो ऐकून ठाऊक असतो. त्याच्या नावांचा घोळ मात्र मोठा गमतीचा आहे. इंग्रजाने त्याला तुर्कस्तानचा ठरवला. तुर्कांनी त्याला ‘हिंदी’ म्हटले. फ्रेंचांच्या नावातही हिंदुस्थान आहे. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात, आणि आपण पेरू म्हणजे फळ समजतो. ज्याने त्याने त्याला दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधले. खरे तर तो यांपैकी कोणाचाच नव्हे. त्याचे मूळ घर उत्तर अमेरिका. मेक्सिकोतल्या लोकांनी त्याला दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवले, स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात युरोपात नेला आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो गोव्याला पोहोचला.

मात्र आज सांगायची आहे ती या माणसाळलेल्या पक्ष्याची नव्हे, तर मागे अमेरिकेच्या रानात राहिलेल्या त्याच्या जंगली भावंडाची कथा. तो भाऊ एकदा जवळजवळ नामशेष झाला आणि पुन्हा रानभर झाला. आणि त्याला नष्ट करणारे हात आणि परत आणणारे हात, दोन्ही शिकाऱ्यांचेच होते. वाचकांना हे विचित्र वाटेल; म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो.

इंग्लंडात १०६६ मध्ये नॉर्मन राजा विल्यम आला आणि त्याने रानेच्या राने राजाची म्हणून राखून टाकली. राजाचे हरीण मारणे हा रयतेला मोठा गुन्हा झाला. पुढे १७२३ च्या एका कायद्याने तर तोंडाला काळे फासून रानात चोरटी शिकार करणाऱ्याला फाशीची तरतूद केली. आपल्याकडेही संस्थानिकांची राखीव राने होतीच. कोल्हापूरकर महाराजांच्या शिकारीचे दाजीपूरचे रान आपल्यापासून फार दूर नाही. १९५८ मध्ये तेच गव्यांचे अभयारण्य झाले. सावज राजाचे आणि हाकारे मात्र रयतेचे, ही रीत सगळीकडची.

अमेरिकेत गेलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांच्या मनात ही सल होती. म्हणून विल्यम पेनने १६८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशांना, जेथे कुंपण नाही अशा कोणत्याही जमिनीवर शिकारीची मुभा दिली. पुढे १७७६ च्या तिथल्या राज्यघटनेतही तो हक्क आला. रानातले पाखरू कोणा राजाचे नाही, सर्वांचे आहे, हे तत्त्व तिथे असे रुजले. तत्त्व थोर खरे. पण त्याच्या तळाशी एक अन्याय होता तोही सांगितला पाहिजे. ही ‘सर्वांची’ जमीन मोकळी पडलेली नव्हती. पुढे ज्या मिसुरी राज्याची हकीकत येणार आहे, तिथली बहुतेक भूमी ओसेज जमातीची होती. १८०८ च्या तहाने ती त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. ‘सर्वांचे’ म्हणताना त्या सर्वांत कोण धरले आणि कोण वगळले, हा प्रश्न सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी नवा नाही.

आता त्या मुभेचे काय झाले ते पाहा. राजा गेला, पण राजाच्या जागी नियम आला नाही. लोकांनी बाराही महिने टर्की मारली. अंड्यांवर बसलेली मादी मारली, रात्री झाडावर झोपलेले थवेच्या थवे मारले, आणि गाड्या भरभरून शहरांच्या बाजारात विकले. शेतीसाठी जंगले तुटली. कनेक्टिकटमध्ये शेवटची जंगली टर्की १८१३ मध्ये दिसली, मॅसॅच्युसेट्समध्ये १८५१ मध्ये. मिसुरीतल्या ओझार्क डोंगरांत १८८० नंतर लाकूड गिरण्या शिरल्या आणि तीसचाळीस वर्षांत डोंगर उघडे पडले. राहिलेल्या झुडपांत लोकांची डुकरे आणि गुरे मोकाट चरत, आणि गवत यावे म्हणून दर वर्षी वणवे लावले जात. १९३७ मध्ये मिसुरीने टर्कीची शिकार बंद केली, कारण मारायला फारसे काही उरलेच नव्हते. गावच्या गायरानाचे काय होते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. सर्वांचे ते कोणाचेच नाही!

पण कथा इथे संपली नाही. वन्य प्राण्यांचा चोरटा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर १९०० च्या लेसी कायद्याने बंदी घातली आणि शिकारीच्या बाजाराची नाडी आवळली गेली. १९११ च्या वीक्स कायद्याने सरकारला पूर्वेकडच्या तुटल्या-उजाडलेल्या जमिनी विकत घेऊन तिथे राष्ट्रीय वने उभी करण्याचा अधिकार मिळाला. महामंदीत शेतकरी ओसाड शेते टाकून गेले, त्यांतल्या कितीतरी जमिनी अशा वनांत आल्या. मिसुरीतले मार्क ट्वेन राष्ट्रीय वन १९३९ चे. आज ते सुमारे १५ लाख एकरांचे आहे. म्हणजे हे सार्वजनिक रान कोणी आयते राखून ठेवलेले नव्हते. खासगी मालकांनी पिळून टाकलेली भूमी लोकांच्या पैशाने विकत घेऊन पुन्हा रुजवलेली होती.

पैशाची सोय तर त्याहून विलक्षण. १९३७ च्या सप्टेंबरात रूझवेल्टने पिटमन-रॉबर्टसन कायद्यावर सही केली. बंदुका आणि काडतुसे यांवरच्या कराचे उत्पन्न वन्यजीवांसाठी राज्यांना वाटायचे, असा तो कायदा. आज शिकारी बंदुका आणि काडतुसांवर हा कर ११ टक्के आहे. मात्र अट अशी, की शिकार परवान्यांच्या शुल्काचा पैसा राज्याने दुसऱ्या कोणत्याही कामाकडे वळवता कामा नये. मिसुरी तर आणखी पुढे गेली. तिथल्या नागरिकांनी १९३६ मध्ये मतदान करून वन्यजीवांचा कारभार राजकारण्यांच्या हातून काढून एका स्वतंत्र आयोगाकडे दिला, आणि १९७६ मध्ये स्वतःवरच एक विक्रीकर लावून घेतला. आठ डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट! ज्याने जन्मात बंदूक धरली नाही तोही मीठ-साखर घेताना रानासाठी सेंट मोजतो.

पैसा आला, रान आले. पक्षी मात्र येईना. प्रथम लोकांनी सोपा मार्ग धरला. पिंजऱ्यात अंडी उबवून हजारो टर्की वाढवल्या आणि रानात सोडल्या. बहुतेक मेल्या. असे का व्हावे याचा अभ्यास मिसुरीतच स्टार्कर लिओपोल्ड या शास्त्रज्ञाने केला आणि १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. जंगली आणि संकरित पक्ष्यांची तुलना करून त्याने दाखवले, की रानटीपणा हा रक्तातच असतो. जंगली पक्ष्याचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा, त्याची भीती जागी. धोक्याची हाक येताच जंगली पिल्ले जिथल्या तिथे पाचोळ्यात निपचित पडतात. पिंजऱ्यात वाढलेल्याला ही भीती शिकवणार कोण? जहांगीराच्या दरबारात नाचणारा पक्षी पुन्हा रानाचा होऊ शकत नव्हता.

तेव्हा उरलेल्या मूठभर अस्सल जंगली पक्ष्यांतूनच बीज घ्यायचे ठरले. पण माणसाला शंभर पावलांवर ओळखणारा हा पक्षी जिवंत धरायचा कसा? पाणपक्षी धरण्यासाठी निघालेली एक युक्ती कामी आली. जमिनीवर मका टाकायचा, शेजारी जाळे दुमडून लपवायचे, आणि थवा खाण्यात गुंतला की लहान तोफांनी ते जाळे त्याच्यावरून उडवायचे. साउथ कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात १९५१ मध्ये अशा रीतीने टर्की धरल्या गेल्या. मिसुरीत १९५४ मध्ये पेक रँच येथे हे काम सुरू झाले. हे रान एकेकाळी शिकागोच्या एका उद्योगपतीने लोखंडाच्या भट्टीला कोळसा पुरवण्यासाठी घेतले होते. राज्याने ते १९४५ पासून टर्कीसाठीच विकत घेतले. तिथले पक्षी एकेका तालुक्यात नेऊन सोडले गेले. पुढे तर टर्की हे चलनच झाले. मिसुरीने केंटकीला टर्की द्यायच्या, आणि त्यांच्या मोबदल्यात लुइझियानातून मिसुरीला पाणमांजरे यायची! मॅसॅच्युसेट्सला १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कहून ३७ पक्षी मिळाले. आज बॉस्टनच्या उपनगरांत त्यांची संतती रस्ता अडवून उभी राहते.

१९६० च्या वसंतात मिसुरीने पुन्हा शिकार उघडली. फक्त तीन दिवस, चौदा तालुके. साऱ्या राज्यात ९४ नर पडले. वसंतच का, हे कळण्याजोगे आहे. या दिवसांत नर पहाटे झाडावरूनच गडगडाटी साद घालतो आणि पिसारा फुलवून माद्यांना बोलावतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो. मीलन उरकून माद्या अंड्यांवर बसू लागल्या, की काही नर कमी झाल्याने पुढची पिढी घटत नाही. म्हणून मारायचा तो नरच, छातीवर केसांची दाढी लोंबणारा. हाकारे नाहीत, मचाण नाही, कुत्री नाहीत. शिकारी अंधारात येऊन एखाद्या जाड बुंध्याला पाठ टेकतो. घुबडाचा आवाज काढतो. चिडलेला नर ओरडतो आणि त्याची जागा कळते. मग लाकडी पेटीवर झाकण घासून शिकारी मादीचा आवाज काढतो. अशा पेटीचे एक पेटंट आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सन याने १८९७ मध्ये घेतले होते. खरी मेख पुढे आहे. रानाच्या रीतीप्रमाणे मादीने नराकडे जायचे असते. शिकारी नरालाच ‘तू ये’ म्हणतो. शहाणा नर येत नाही. तीस-चाळीस पावलांच्या आत तो आला तरच छऱ्याची बंदूक कामाची. बहुतेक सकाळी शिकारी रिकाम्या हाताने परततो.

आणि हे रान एकट्याचे नसते. दुसरा कोणी तिथेच दबा धरून मादीचा आवाज काढीत असेल. म्हणून जुने शिकारी रानाच्या तोंडाशी कोणाची गाडी उभी दिसली की मुकाट्याने पुढे निघून जातात. आवाज ऐकून गोळी घालायची नाही, डोळ्याने पूर्ण पक्षी दिसल्यावाचून घोड्याला बोट लावायचे नाही. लाल, पांढरा, निळा या रंगाचा रुमालसुद्धा खिशात ठेवायचा नाही, कारण वसंतातल्या नराच्या डोक्याचे हेच रंग, आणि त्यांपायी माणसांवर बार झालेले आहेत. मिसुरीच्या सार्वजनिक रानात दुपारी एक वाजता बंदूक खाली ठेवायची, हंगामात दोनच नर, आणि पहिल्या आठवड्यात एकच. पहारेकरी प्रत्येक झाडामागे नसतो. नियम पाळायचा तो आपल्याआपणच.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून असा खेळ राहिला नाही. आपली माणसांची दाटी आणि रानांचा चिमुकलेपणा पाहता ते योग्यच झाले. मीही जिवाची हौसेने हत्या पाहून हळहळणाऱ्यांपैकी आहे. तिकडची बंदूक इकडे आणावी असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. पण या इतिहासातला एक धडा बंदुकीहून मोठा आहे. राजाचे रान राजाच्या धाकाने राहिले. रयतेचे रान धाक गेल्यावर शंभर-दीडशे वर्षांत उजाड झाले. ते पुन्हा उभे राहिले ते दुसरा राजा आणून नव्हे, तर ज्यांना त्याचा उपभोग हवा होता त्यांनी स्वतःवर कर लावला, स्वतःचे हात बांधून घेतले, आणि दहा-वीस वर्षे वाट पाहिली म्हणून. हक्क मिळवणे हे निम्मेच काम; त्या हक्काला मर्यादा घालून घेणे हे उरलेले निम्मे.

आणि तेही एकदाच करून भागत नाही. नव्या शतकाच्या आरंभी साठ लाखांच्या वर गेलेली टर्कीची संख्या पुढे अनेक राज्यांत, विशेषतः दक्षिणेत, उतरू लागली. पिल्ले कमी जगतात. कारणांवर तज्ज्ञांचे एकमत नाही. अलाबामाने २०२२ मध्ये हंगाम उशिरा सुरू केला आणि माणशी मर्यादा पाचवरून चारवर आणली. हात पुन्हा थोडे बांधले गेले.

मन्सूरने रंगवलेला पक्षी बादशहाच्या एका नजरेसाठी समुद्र ओलांडून आला होता. मिसुरीच्या रानात पहाटे बुंध्याला टेकून बसलेला गॅरेजमधला मिस्त्री त्याच रंगांची वाट पाहत असतो. ते दिसले तर त्याचे दैव. नाही दिसले, तरी एक वाजता तो उठतो, बंदूक रिकामी करतो आणि घरी जातो. रान त्याच्यामागे तसेच राहते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणासाठी.