एकाच पत्र्यावरची दोन चित्रं : सेगर्स, रेम्ब्राँ आणि पलायनाची भीती

आज आपण जे एचिंग बघणार आहोत, ते एकाने कोरलं आणि दुसऱ्याने बदललं. 'इजिप्तकडे पलायन' हे त्याचं नाव. रेम्ब्राँने ते साधारण १६५३च्या सुमारास अॅमस्टरडॅममध्ये केलं. पण तांब्याचा पत्रा मुळात त्याचा नव्हता. तो होता हर्क्युलिस सेगर्सचा, आणि सेगर्स तोवर हयात नव्हता.

आधी सेगर्सबद्दल. त्याचे वडील मूळचे फ्लँडर्सचे, कापडाचे व्यापारी. त्याचा गुरू कोनिंक्सलू हा अँटवर्पचा. १५८५मध्ये अँटवर्प स्पॅनिश फौजांच्या हाती गेलं आणि अनेक प्रोटेस्टंटांप्रमाणे त्यालाही शहर सोडावं लागलं. म्हणजे सेगर्सच्या अवतीभवती घर सोडून आलेली माणसं होती. हॉलंड सपाट देश. पण हा माणूस कोरतो काय, तर भेगाळलेले कडे, ओसाड दऱ्या, शेवाळ लोंबणारी झाडं. रेम्ब्राँकडे त्याची आठ चित्रं होती. १६५६मध्ये दिवाळं निघालं तेव्हा झालेल्या मालमत्तेच्या यादीत ती नोंदलेली आहेत.

या पत्र्यावर सेगर्सने कोरलं होतं 'टोबायस आणि देवदूत'. टोबायस आंधळ्या वडिलांसाठी दूरच्या प्रवासाला निघतो आणि देवदूत राफाएल त्याला सोबत करतो, अशी ती कथा. दोन्ही आकृत्या चांगल्या मोठ्या, उजवीकडे, अगदी पुढे. मागे डोंगर, झाडी. हे चित्र बघताना आपल्याला भीती वाटत नाही. वाट अनोळखी असली तरी सोबत आहे ना!

रेम्ब्राँने काय केलं? डावीकडचा निसर्ग बराचसा तसाच ठेवला आणि त्या दोन आकृत्या काढून टाकल्या. हे काम सोपं नाही. एचिंगमध्ये आम्लाने तांब्यात चर पडलेले असतात. ते घालवायचे तर धातू खरवडावा लागतो, मग घोटून गुळगुळीत करावा लागतो. त्या जागी त्याने दाट झाडी उभी केली आणि तिच्या सावलीत एक छोटंसं कुटुंब आणलं : गाढवावर मरिया, तिच्याजवळ बाळ, शेजारी चालणारा जोसेफ. बेथलेहेममधल्या या बाळाला मारायला हेरोद राजा टपलाय, म्हणून ही माणसं देश सोडून निघाली आहेत.

आता बघा, चित्रात हेरोद नाही, सैनिक नाहीत. कुणाच्या चेहऱ्यावर किंकाळी नाही. चेहरे तर नीट दिसतसुद्धा नाहीत. डोंगर बरेचसे तेच. मग भीती आली कुठून? ती आली प्रमाणातून. माणसं लहान झाली, त्याबरोबर तोच निसर्ग अवाढव्य झाला. झाडी लपवते, पण त्याच झाडीत आणखी कुणी दबा धरून असेल. उघडी दरी सुंदर दिसते, पण ती ओलांडताना आपण लांबून दिसणार. पळणाऱ्याच्या नजरेने बघितलं की प्रत्येक आडोशाला असे दोन अर्थ येतात.

आणि एक खूण राहिली आहे. झाडांच्या शेंड्याकडे नीट पाहिलं तर देवदूताच्या पंखाच्या रेषा अजून दिसतात. खालून जाणाऱ्या कुटुंबाला अर्थातच त्याचा पत्ता नाही.

इतिहासात आपल्याला राजांचे हुकूम सापडतात, वेढ्यांच्या तारखा सापडतात. रातोरात घर सोडणाऱ्याला वाट कशी दिसली असेल, याचे कागद मात्र फार थोडे. म्हणून अशी चित्रंही आपण साधनं म्हणून वाचली पाहिजेत. बेथलेहेमची हकीकत ती सांगतील असं नव्हे. पण निर्वासितांनी भरलेल्या सतराव्या शतकातल्या एका शहराला ती भीती कशी कळली होती, हे ती नक्की सांगतात. दोन्ही ठसे शेजारी ठेवून एकदा जरूर बघा.