हीटिंग पॅड : किती गरम, यापेक्षा किती वेळ आणि कोणासाठी?

बंगळुरू : कोरमंगलाच्या दिशेने निघून इब्लूर, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्रा अशी ठिकाणे मागे टाकत सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड हा बंगळुरूच्या आग्नेय भागातील माहिती तंत्रज्ञान उद्योगाचा एक प्रमुख पट्टा आहे. विप्रोचे मुख्यालय याच रस्त्यावर आहे. येथील निवासी संकुलांत देशभरातून आलेली कुटुंबे राहतात आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. दिवसभर संगणकासमोर बैठक आणि सायंकाळी वाहतूक कोंडीत पुन्हा तीच बैठक, यामुळे मान आणि कंबर आखडणे ही येथील नित्याची तक्रार असते. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर असल्याने डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारवा जाणवतो. मुलांकडे मुक्कामाला आलेल्या आई-वडिलांचे गुडघे याच दिवसांत अधिक दुखू लागतात. मग मोबाइलवर मागणी नोंदवली जाते आणि काही मिनिटांत हीटिंग पॅड दारात येते. खोक्यातील सूचनापत्रक मात्र बहुधा खोक्यातच राहते.

शेक घेणे मराठी घराला नवे नाही. ओव्याची पुरचुंडी, तव्यावर तापवलेली कापडाची घडी, मिठाची किंवा वाळूची पोटली, बाळंतिणीची शेगडी हे सारे शेकाचेच प्रकार आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात स्वेदनाचे 13 प्रकार वर्णिले आहेत. त्याच अध्यायात स्वेदन कोणाला देऊ नये याची यादी आहे आणि तीत गर्भिणी, मधुमेही व शुद्ध हरपलेली व्यक्ती यांचा उल्लेख आहे. आजच्या पॅडच्या सूचनापत्रकावरील इशारे याहून फार वेगळे नसतात.

उष्णतेने त्या भागातील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तपुरवठा वाढतो, आखडलेला स्नायू सैल होतो आणि मेंदूकडे जाणारी वेदनेची जाणीव काहीशी मंदावते. उपयोग मर्यादित असला तरी खरा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी औषधांआधी ज्या उपायांचा विचार करावा असे सांगितले, त्यांत वरून दिलेल्या उष्णतेचा समावेश आहे. मासिक पाळीच्या वेदनांबाबत 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे 39 अंश सेल्सिअसचा, पोटावर बांधायचा उष्ण पट्टा वापरला होता आणि त्याने आयबुप्रोफेनच्या तोडीचा आराम दिला. म्हणजे गुण येण्यासाठी पॅड चटका बसण्याइतके तापवावे लागत नाही. ‘जास्त गरम तेवढा गुण जास्त’ हा समज येथेच मोडीत निघतो.

भाजण्याचा धोका केवळ तापमानावर ठरत नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी 1947 मध्ये तापमान आणि वेळ यांचा संबंध तपासला. त्वचेचे तापमान 44 अंशांवर स्थिरावले तर इजा होण्यास सुमारे 6 तास लागतात. त्यापुढे 51 अंशांपर्यंत प्रत्येक अंशागणिक हा अवधी साधारण निम्मा होत जातो आणि 60 अंशांना तो काही सेकंदांवर येतो. सहा तास म्हणजे एका झोपेचा अवधी. जागेपणी केवळ उबदार वाटणारे पॅड रात्रभर अंगाखाली राहिले, तर सकाळी त्या जागी फोड दिसू शकतो.

एरवी शरीर स्वतःच सावध करते. साधारण 43 अंशांच्या पुढे त्वचेतील ज्या संवेदकामुळे दाह जाणवतो, त्याचा शोध मिरचीतील कॅप्सेसिनच्या अभ्यासातून लागला. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. परंतु दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांचे मज्जातंतू दुबळे झाले असतील, पक्षाघाताने एका बाजूची संवेदना गेली असेल, किंवा झोपेची गोळी वा मद्य घेतलेले असेल, तर हा इशारा मिळत नाही किंवा फार उशिरा मिळतो. भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मांडला गेला आहे. त्यामुळे ‘बाबांचे पाय गार पडतात’ म्हणून पायांशी लावून दिलेले पॅड हा या वस्तूचा सर्वांत धोक्याचा वापर ठरतो. अशा पायांना मोजे आणि पांघरूण पुरेसे आहे.

खरेदी करताना म्हणूनच किमतीआधी पॅड कोण वापरणार आहे, हे पाहावे. विजेवरच्या पॅडमध्ये ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय हवीच. नुसता तापनियंत्रक पुरेसा नाही, कारण तो पॅड अधिक तापू देत नसला तरी ते रात्रभर तापते ठेवतोच. भारतीय मानक आयएस 302 हे घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेविषयी आहे, तर पॅड आणि विजेच्या ब्लँकेटसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60335-2-17 आहे. खोक्यावर आयएसआय चिन्ह असल्यास त्याखालचा सीएम/एल परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. वायर पॅडला जोडलेली जागा वाकवून पाहावी, कारण बिघाड बहुधा तेथूनच सुरू होतो.

विजेवर तापणारी द्रवभरली पिशवी स्वस्त आणि लोकप्रिय आहे, पण तिच्याबाबत सर्वाधिक सावध राहावे. काही पिशव्यांत इलेक्ट्रोड थेट द्रवात बुडालेले असतात आणि त्यांतून 230 व्होल्टचा प्रवाह जातो. चीनमध्ये या पद्धतीच्या पिशव्यांना मनाई आहे. कोणत्याही बनावटीची पिशवी असो, ती तापत असताना अंगाला लावू नये, तिच्यावर वजन ठेवू नये आणि पिन काढल्यावरच हातात घ्यावी. पिशवी फुगलेली किंवा पाझरणारी दिसली, की टाकून द्यावी.

जुनी रबरी पिशवी आजही उत्तम, कारण ती आपोआप गार होत जाते. मात्र तिच्यात उकळते पाणी ओतू नये. बंगळुरूच्या उंचीवर पाणी सुमारे 97 अंशांना उकळते, तरीही ते भाजण्यास पुरेसे असते. पिशवी दोन-तृतीयांश भरावी, हवा काढून झाकण घट्ट लावावे आणि वरून टॉवेल गुंडाळावा. ब्रिटिश मानकाच्या पिशव्यांवर फुलासारखे चक्र असते. त्याच्या मधल्या अंकांवरून निर्मितीचे वर्ष आणि पाकळ्यांवरून महिना कळतो. हे चिन्ह नसेल तर खरेदीची तारीख पेनाने लिहून ठेवावी. दोन-तीन वर्षांनी, किंवा रबराला भेगा दिसताच, पिशवी बदलावी.

चकती दाबताच तापणाऱ्या पिशवीत सोडियम अ‍ॅसिटेट असते. ते गोठताना सुमारे 54 अंशांपर्यंत तापते आणि उकळत्या पाण्यात ठेवल्यावर पुन्हा द्रवरूप होते. लोखंडाच्या भुकटीचे, एकदाच वापरायचे पट्टे हवेच्या संपर्काने तापतात. गिर्यारोहकांच्या हात शेकण्याच्या पुड्या त्याहून जास्त तापत असल्याने त्या अंगावर बांधू नयेत.

वापराचा नियम साधा आहे : मध्ये कापड, 15 ते 20 मिनिटे शेक, मग विश्रांती. पॅड दुखऱ्या भागावर ठेवावे, त्यावर झोपू नये, कारण शरीराखाली उष्णता कोंडते. वेदनाशामक मलम लावलेल्या जागी शेक देऊ नये. कर्करोगाच्या वेदनांसाठी फेंटानिलची पट्टी लावलेली असल्यास तेथे शेक कटाक्षाने टाळावा, कारण उष्णतेने औषध वेगाने रक्तात शिरते. पाय मुरगळून सूज आली असेल तर पहिले दोन दिवस शेक नको. कारण न कळलेली पोटदुखी किंवा एकाच पोटरीला आलेली दुखरी सूज शेकून पाहण्याची गोष्ट नाही. कंबरदुखीबरोबर पाय बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

रोज एकाच जागी शेक घेणाऱ्यांच्या त्वचेवर कालांतराने जाळीसारखी तपकिरी नक्षी उमटते. मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांतही ती आढळली आहे, हे या रस्त्यावरील नोकरदारांनी लक्षात घ्यावे. काश्मीरमध्ये फिरनच्या आत कांगडी बाळगणाऱ्यांना त्याच जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद 1866 मध्येच झाली होती. नक्षी दिसू लागताच त्या जागेचा शेक थांबवावा.

भाजल्यास त्या भागावर 20 मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये आणि फोड फोडू नये. व्यक्ती मधुमेही असेल तर फोड कितीही लहान असला आणि दुखत नसला, तरी तो त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.