मुंबई ते लंडन विमानाने किती अंतर, किती तास? तिकिटावरची वेळ अशी वाचा

सप्टेंबर जवळ आला की आपल्या भागातलीही काही मुलं-मुली शिकायला लंडनला निघतात. घरचे तिकीट हातात घेऊन तास मोजायला बसतात आणि हिशोब हमखास चुकतो.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साडेनऊ ते दहा तास लागतात, येताना साधारण नऊ. हा फरक वाऱ्यामुळे पडतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली की वळसा पडून वेळ आणखी वाढतो. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना असाच वळसा पडला.

आता तिकीट. त्यावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोहोचायची लंडनची. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच तास. समजा 15 सप्टेंबरला मुंबईहून रात्री 2 ला निघून सकाळी 7.30 ला पोहोच, असं लिहिलंय. वाचणाऱ्याला वाटतं साडेपाच तासांत लंडन! पण लंडनला 7.30 वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे 12 असतात, म्हणजे प्रवास दहा तासांचा. येतानाच्या तिकिटावर उलटं, नऊ तासांचा प्रवास साडेतेरा तासांचा दिसतो.

खरा घोटाळा तारखेचा. आपल्या हिशोबात उजाडल्यावर दिवस बदलतो, तिकिटावर मात्र रात्री 12 ला. 15 तारखेचं रात्री 2 चं विमान म्हणजे 14 तारखेला घर सोडायचं. 15 च्या रात्री बॅगा घेऊन विमानतळावर गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं, आणि पैसे परत मिळायची आशा फार धरू नका.

विमान कंपन्या तीन तास आधी या म्हणतात, म्हणजे 14 ला रात्री 11 ला विमानतळावर हजर. सांगोल्याहून मुंबई गाडीने आठ-नऊ तास धरा, वर घाट आणि ट्रॅफिक. दुपारी 12 च्या आत निघालेलं बरं. विमानात दहा तास असले तरी घर सोडल्यापासून चोवीस तास सहज होतात.

दुबईमार्गे तिकीट बरेचदा स्वस्त पडतं. मुंबई-दुबई 1,930 किलोमीटर, पुढे लंडन साधारण 5,500, म्हणजे अंतर फारसं वाढत नाही. वेळ खातो तो मधला थांबा, कधी दोन तास, कधी दहा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरं चुकल्याची जबाबदारी सहसा कुणी घेत नाही.

विमान कुठवर गेलं ते फ्लाइटरडार24 ॲपवर विमानाचा नंबर टाकून फुकट बघता येतं. उतरल्यावरही पासपोर्ट तपासणी आणि बॅगा यात तास-दीड तास जातो, लगेच फोन आला नाही म्हणून जीव टांगणीला लावू नका. नंतर फोन करताना मात्र घड्याळ बघा. आपल्याकडे सकाळी 7 ला धारा काढून होतात, तेव्हा सप्टेंबरात लंडनला रात्रीचे अडीच वाजलेले असतात.