जिवंत पाणी : पंडिता रमाबाईंचं चाळीस वर्षांचं वाचन

आजचा भाग पंडिता रमाबाईंवर आहे, पण शारदा सदनबद्दल नाही. ते आपण शाळेत थोडंफार वाचलेलं असतं. आज बोलूया त्यांच्या बायबल वाचनाबद्दल. एकच पुस्तक माणूस किती वेळा आणि किती खोल वाचू शकतो, याची ही गोष्ट.

सुरुवात होते आसामात, सिल्चरला. 1880 मध्ये रमाबाईंचं बिपिन बिहारी मेधवींशी लग्न झालं आणि त्या तिथे राहायला गेल्या. घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली प्रत सापडली. ती तिथे कशी आली, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आई-वडिलांकडून संस्कृत आणि पुराणं शिकलेल्या या बाईंना ती आवडली. पण तेव्हा गोष्ट तिथेच थांबली.

1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या आणि 1883 मध्ये इंग्लंडला, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे गेल्या. लंडनजवळ फुलहॅमला त्यांनी समाजाने टाकलेल्या बायकांसाठी चालवलेलं एक घर पाहिलं. ‘या बायकांची एवढी काळजी का घेता?’ असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली ती तीन मिनिटांत. विहिरीवर एक बाई, तिच्याकडे पाणी मागणारा येशू, मग तो म्हणतो मी जिवंत पाणी देईन. छान रूपक आहे, म्हटलं आणि पुढे गेलो. नंतर लक्षात आलं की बाईला ते रूपक वाटतच नाही. ती म्हणते, तुझ्याकडे पोहरा नाही, विहीर खोल आहे, पाणी आणणार कुठून? कारण मूळ ग्रीकमध्ये ‘जिवंत पाणी’ म्हणजे साधं वाहतं, झऱ्याचं पाणीसुद्धा. उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायात इसहाकाच्या माणसांना विहीर सापडते, तिथेही हिब्रूत हेच शब्द आहेत. आजोळी विहिरीचा गाळ काढताना आजोबा म्हणायचे, ‘झरे जिवंत आहेत अजून.’ म्हणजे हा शब्द माझ्या घरातलाच होता! मीच घाईत होतो.

रमाबाईंनी घाई केली नाही. 29 सप्टेंबर 1883 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण प्रश्न विचारणं सोडलं नाही. त्रैक्याचा सिद्धांत पटत नव्हता, तर तसं सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून स्पष्ट कळवलं. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, असाही वाद घातला. भगिनी वैतागल्या, त्यांना हा हट्टीपणा वाटला. पुढे रमाबाईंनी स्वतःच लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाल्याची खूण त्या 1891 च्या सुमाराची सांगतात, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षरं शिकलेल्या शेकडो बायका होत्या. मराठी बायबल तर होतं, मात्र त्यातले जड संस्कृत शब्द या बायकांना कळायचे नाहीत. शिवाय अशा शब्दांबरोबर जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थही चिकटून येतात, हे संस्कृत पंडितेला कोण सांगणार? मग त्यांनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासलं आणि आयुष्याची शेवटची पंधराहून जास्त वर्षं सोप्या मराठीतल्या भाषांतराला दिली. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच बायका.

1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. छापलेलं पुस्तक त्यांनी हातात घेतलंच नाही.

श्रद्धा असो वा नसो, मला यातून एक गोष्ट कळली. न पटलेलं बाजूला न टाकता वर्षानुवर्षं जवळ ठेवणं, हाही अभ्यासच आहे. विहीर खोल असली की पोहरा मोठा लागत नाही, दोर लांब लागतो.

भेटूया पुढच्या भागात!