शस्त्रकर्मापूर्वीची गुंगी व नंतरची वेदना

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय स्थापिले. तेथे अभ्यासिल्या जाणाऱ्या सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एक लक्षणीय भेद आढळतो. शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास इष्ट अन्न द्यावे व वेदना न सोसणाऱ्या मद्यप्यास तीक्ष्ण मद्य पाजावे. धुंद झालेल्यास शस्त्र जाणवत नाही, असे तेथे सांगितले आहे. शस्त्रामुळे मागाहून होणाऱ्या वेदनेस मात्र ज्येष्ठमधयुक्त कोमट तूप, हा उपचार स्वतंत्र दिला आहे. त्या तुपाचा गुण किती, हा प्रश्न निराळा. दोन वेदना निराळ्या मानल्या गेल्या, हे महत्त्वाचे.

ईथर (१८४६) व क्लोरोफॉर्म (१८४७) यांच्या यशाने हा भेद पुसट झाला. मराठीत तर या क्रियेस ‘भूल देणे’ असेच नाव पडले. भूल उतरल्यावर काय, याची त्या शब्दास दखल नाही. क्लीव्हलंडचे शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, बेशुद्धावस्थेतही जखमेचे आघात मेंदूपर्यंत पोहोचतात, असे प्रतिपादिले. यासाठी ते आधी मॉर्फीन व स्कोपोलामीन देत आणि शस्त्राच्या जागी बधिरता आणणारे औषध टोचीत. पुढे मात्र ‘आधी शांत केलेल्या रोग्यास नंतर कमी दुखते’ एवढाच समज उरला आणि बधिरतेचा भाग विसरला गेला.

या समजास धक्का दिला तो बेलफास्टच्या जॉन डंडी यांनी. १९६० च्या सुमारास त्यांनी व सहकाऱ्यांनी नडगीच्या हाडावर मोजून दाब देऊन वेदनेची सीमा तपासली. अल्प मात्रेतील बार्बिट्युरेटांनी ती सीमा खाली आली. म्हणजे गुंगी आली, पण दुखणे वाढले. पॅट्रिक वॉल यांनी १९८८ साली शस्त्रकर्मापूर्वीच वेदनामार्ग रोधण्याची कल्पना पुन्हा पुढे आणली, परंतु ती वेदनाशामके व स्थानिक बधिरता यांविषयी होती, झोपेच्या औषधांविषयी नव्हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील १,०६२ रोग्यांच्या परीक्षणात लोराझेपामने रोग्यांचे समाधान वाढले नाही. उलट श्वासनलिकेतील नळी काढण्यास विलंब झाला. गॅबापेन्टिनवर्गीय औषधांविषयीच्या २८१ परीक्षणांच्या २०२० मधील एकत्रित समीक्षेत (२४,६८२ रोगी) वेदनेत झालेली घट रोग्यास उपयोगी पडावी इतकी आढळली नाही, घेरी मात्र वाढली.

भीती शमविण्यासाठी गुंगीचे औषध देणे यात काही वावगे नाही. घोटाळा होतो तो पुढे. जिल्ह्यातीलच लोणी येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शुद्धिहरणशास्त्र शिकणाऱ्यास प्रत्यही हे पाहावे लागते. पेंगणारा रोगी कण्हत नाही, म्हणून वेदनाशामकाची मात्रा लांबविली जाते आणि गुंगी उतरताच तो कळवळून उठतो. वेदना विचारून, आकड्यांत नोंदवून घेण्याची पद्धत आज रूढ आहे. झोपलेल्याच्या बाबतीत तो रकाना कोराच राहतो.